तीन रेघा आणि एक खळगा

दगड चांगला आहे की नाही, हे डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळतं. छोटी हातोडी घ्यायची आणि दगडाच्या चारही अंगांना हलकेच ठोकायचं. आतून अखंड असेल तर खणखणीत वाजतो. कुठे बारीक चीर असेल तर बद्द आवाज येतो. मला हे शिकवणारा माणूस म्हणायचा, "बीबी, पत्थर झूठ नहीं बोलता. बेचनेवाला बोलता है."

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका मार्बल यार्डमध्ये मी सहा वर्षं नोकरी केली. यार्ड म्हणजे पत्र्याची मोठी शेड, मागे उघडं मैदान. जहाजानं आलेले मोटारीएवढे दगडी ठोकळे मैदानात ठेवलेले असतात. शेडमध्ये ते करवतीखाली कापून त्यांच्या लाद्या करायच्या, घासून चकचकीत करायच्या. माझं काम कागदांचं होतं. प्रत्येक ठोकळा आला की त्याची लांबी-रुंदी मोजायची, चारही अंगांचे फोटो काढायचे, कुठे तडा, कुठे डाग ते तक्त्यात लिहायचं. त्याला तपासणीचा तक्ता म्हणायचे. ठोकळ्याची कुठली बाजू करवतीकडे करायची, आधी काय छाटून टाकायचं, हे त्या तक्त्यावरून ठरायचं. एक प्रत आमच्याकडे राहायची, एक गिऱ्हाइकाच्या आर्किटेक्टकडे जायची.

मी फार बोलणारी मुलगी नव्हते. अल मजाजच्या फ्लॅटमध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आई मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. यार्डचे मालक विनायककाका हे बाबांचे जुने मित्र. बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या मला त्यांनी बोलावलं ते या भरवशावर, की ही पोरगी तोंड उघडणार नाही आणि कागद नीट ठेवील. पहिली तीन वर्षं मी हा भरवसा पाळला.

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं मजेदार असायची. एक बाई नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या होत्या, बाथरूमला याच रंगाचा दगड हवा म्हणून. एका स्थानिक आजोबांनी दिवाणखान्याची सगळी फरशी आमच्या शेडमध्ये कोरडीच मांडून घेतली. हे आम्ही नेहमीच करायचो, कारण दगडाच्या शिरा एका लादीतून दुसरीत वाहत गेल्या पाहिजेत. पण हे आजोबा चपला काढून तिच्यावर झोपले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं उठून म्हणाले, "खलास. हीच."

फरशी मांडायचे ते झरीनगुल उस्ताद. आमचे मुख्य कारागीर. उंच, थोडे वाकलेले, दाढीला मेंदी. सरहद्दीवरच्या कबायली भागातले पठाण. गावाचं नाव त्यांनी मला सांगितलं होतं, इथे लिहीत नाही. त्यांच्या हाताखाली पाच जण होते, सगळे त्याच बाजूचे. सहाही जण मला 'बीबी' म्हणायचे आणि माझ्याकडे न बघता बोलायचे. मलाही ते सोयीचं होतं.

उस्तादांच्या गावामागे संगमरवराचा डोंगर होता. पांढरा, आत फिकट हिरवी शीर. तो डोंगर कुणा एकाचा नव्हता. दर तीन वर्षांनी गाव जमायचं आणि डोंगराच्या कड्याचे हिस्से चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले जायचे. चिठ्ठ्यांऐवजी लाकडाचे तुकडे, प्रत्येकावर एकेका घराची खूण. एखादी म्हातारी डोळे बांधून तुकडे उचलायची आणि एकेका हिश्श्यापुढे ठेवायची. तीन वर्षांनी पुन्हा सगळे तुकडे टोपलीत. कुणाला कायमचा चांगला हिस्सा नाही, कुणाला कायमचा वाईट नाही. आणि ज्या घरानं जो दगड काढला, त्यावर त्या घराची खूण छिन्नीनं कोरायची. सुरुंग लावायला बंदी. छिन्नीनं ओळीत भोकं पाडायची, त्यात पोलादी पाचरी ठोकायच्या आणि दगड आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं.

"किती दिवस लागतात?" मी एकदा विचारलं.

"जितना पत्थर बोले," उस्ताद म्हणाले. "हमारा भाई तो पत्थर के पास बैठ के चाय पीता है. बोलता है, इसको शर्म आएगा तो निकलेगा."

इराकचं युद्ध सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या बाजूला लष्कराची कारवाई सुरू झाली. आम्हाला ती बातम्यांच्या चॅनलवर दोन मिनिटं दिसायची. यार्डमध्ये मात्र दिसायची ती फोनकार्डांच्या रूपात. दुपारच्या सुट्टीत सहाही जण कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्याभोवती उभे असायचे. एक बोलायचा, बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. मग कळलं, उस्तादांचं गाव रिकामं करायला लावलंय. भाऊ, भावजय, मुली, सगळे गोधड्या घेऊन दुसऱ्या शहरात एका भाड्याच्या खोलीत. तिथला कायदाच असा होता की एकावर संशय आला तरी शिक्षा सगळ्या टोळीला. दुकानं बंद, रस्ते बंद, म्हातारे आत.

"का पण?" मी विचारलं.

"दहशतगर्द ढूँढने आया था," उस्ताद म्हणाले. "दहशतगर्द नहीं मिला. पहाड़ मिल गया."

त्या वेळी मला वाटलं, हा रागानं मारलेला टोमणा आहे.

दोनेक महिन्यांनी काकांनी नवा माल मागवला. एका मोठ्या व्हिलाच्या जिन्यासाठी पांढरा संगमरवर, हिरवी शीर. चार ठोकळे. पुरवणारा कराचीचा नवा कंत्राटदार. माल खोर फक्कानच्या बंदरात उतरला. उस्ताद त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होते, म्हणून काकांनी मला एकटीलाच पाठवलं. मी खूश होते. डोंगरातून गाडी जाते, मग अचानक समुद्र दिसतो, आणि मी सरकारी पाहुण्यासारखी डोक्यावर हेल्मेट घालून ठोकळ्यांभोवती फिरते, असं सगळं.

चारही ठोकळ्यांच्या एकाच अंगाला निळा रंग फासला होता आणि त्यावर कंत्राटदाराचे नंबर. रंगाखाली ओरखडे जाणवत होते. मी बोट फिरवलं. तीन उभ्या रेघा, खाली खळगा. चारींवर तेच. चार वेगवेगळ्या दगडांवर तोच ओरखडा कसा, हा प्रश्न शाळेतल्या मुलालाही पडला असता. मला पडला नाही. मी तक्त्यात इंग्रजीत लिहिलं, 'बाजू बी, पृष्ठभाग खराब. ही बाजू प्रथम छाटावी.' आणि खाली नीट बाण काढला. माझे बाण फार सुबक असायचे.

म्हणजे पुरावा नष्ट करण्याची सूचना मी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिली होती.

शनिवारी पहिला ठोकळा करवतीच्या गाड्यावर चढवला. माझ्या बाणाप्रमाणे ती बाजू पात्याकडे. उस्तादांची सवय होती, कापण्याआधी दगड पाण्यानं भिजवायचा, कारण ओल्या दगडाचा खरा रंग दिसतो. त्यांनी पाइपानं पाणी सोडलं, आणि तारेच्या ब्रशनं तो निळा रंग घासायला लागले. मी खिडकीतून बघत होते. ब्रश थांबला. त्यांनी पाइप खाली टाकला. पाणी सगळीकडे वाहायला लागलं, आणि ते दगडावर तळवा ठेवून उभे राहिले. मग हातोडी घेतली आणि ठोकली. ऑफिसपर्यंत खणखणीत आवाज आला.

बाकीचे पाचही जण जमले. कुणी ओरडलं नाही. त्यांनी उरलेल्या तीन ठोकळ्यांवरचा रंग घासून काढला. मग उस्तादांनी करवतीचं बटण बंद केलं आणि ते ऑफिसात आले. ओल्या चपला दाराबाहेर काढून.

"सेठ, ये हमारे घर का पत्थर है."

काका फाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "अच्छा है ना. अच्छे से काटो."

"ये मेरे भाई ने निकाला है. ये उसका निशान है. गाँव खाली कराया तब ये चार पत्थर नीचे मैदान में पड़ा था. उसने बेचा नहीं. किसी को नहीं बेचा."

आता काकांनी वर बघितलं. कपाटातून कंत्राटदाराचे कागद काढले. भाडेपट्टा होता. सरकारी सही होती, शिक्का होता. कारवाईनंतर त्या डोंगराचं काम या कंत्राटदाराला दिलं होतं.

"देखो. कागज है."

"सेठ, कागज तो उसके पास है जो गाँव में घुस सकता है."

"ते तुमचं पाकिस्तानातलं भांडण आहे," काका मराठीतच म्हणाले. चिडले की त्यांची हिंदी संपायची. मग माझ्याकडे वळले, "सांग त्यांना शरू, आपण हिंदुस्थानी माणसं, आपल्याला यात काय?"

सांगायची गरज नव्हती. उस्तादांना तेवढं मराठी कळत होतं.

"हम काम से नहीं भागता," ते म्हणाले. "जो बोलो काटेगा. ये चार नहीं काटेगा. हम भी नहीं, और कोई पठान भी नहीं."

इथे संप म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. काम नाकारलं की व्हिसा रद्द, विमानात बसवून परत, पुन्हा या देशात यायला बंदी. सहा जणांच्या मागे सहा घरं होती, आणि आता त्या घरांना घरंही नव्हती. म्हणून त्यांनी जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी सहाही जण अर्धा तास आधी आले. कामाला लागले ते असे, की आठवड्यात साधारण सात ठोकळे कापून व्हायचे, त्या आठवड्यात बुधवारपर्यंतच अकरा झाले. काळा, पिवळा, इटलीचा, ओमानचा, जे समोर येईल ते. फक्त त्या चार पांढऱ्या ठोकळ्यांजवळून जाताना चाल हळू व्हायची. जेवणाची सुट्टी झाली की सहा जण त्या चार दगडांवर बसून नान खायचे.

कंत्राटदार शारजाला आला. इस्त्रीची सलवार-कमीज, हसरा माणूस. तो शेडमध्ये जाऊन उस्तादांना म्हणाला, "चाचा, तरक्की हो रही है आपके इलाके की. सड़क बन रही है."

"हाँ, सड़क बहुत अच्छा है," उस्ताद म्हणाले. "पत्थर उसी से गया."

शेडमध्ये हशा पिकला. तो माणूसही थोडा हसला, मग थांबला.

बुधवारी काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. "हजेरीपत्रकात लिही. शनिवारपासून झरीनगुलनं काम नाकारलं. येत्या शनिवारी दुसरी टीम येतेय, ते चार ठोकळे कापून टाकतील. त्याआधी याचा निकाल लावू. एकाला पाठवलं की बाकीचे सरळ येतील."

"ही हॅजन्ट रिफ्यूज्ड वर्क, काका," मी म्हणाले. "दे कट इलेव्हन ब्लॉक्स."

"मी विचारलं का? लिही म्हटलं."

"आय कान्ट राइट दॅट."

काकांनी पेन खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमचंही गाव धरणात गेलं, शरू. आम्ही दगडं कवटाळून बसलो नाही. उठलो, इथे आलो, कामाला लागलो. विचार कर."

मी विचार केला. घरी जाऊन लगूनच्या, म्हणजे जवळच्या खाडीच्या, कडेला दोन फेऱ्या मारल्या. गुरुवारी अर्धा दिवस होता, शुक्रवारी सुट्टी. दुसरी टीम शनिवारी सकाळी येणार. छाटणीची पहिली फेरी झाली की चारही खुणा पाण्याच्या चिखलातून गटारात जाणार, आणि मग उस्तादांचा भाऊ जगात कुठेही जाऊन हा दगड माझा म्हणू शकणार नव्हता. आणि हे माझ्या तक्त्यावरून होणार होतं. तक्ता चुकला असेल तर तो दुरुस्त करणं हे माझंच काम. ही गोष्ट मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली की शेवटी ती धाडसासारखी वाटेनाशी झाली, नियमासारखी वाटायला लागली.

गुरुवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन मैदानात गेले.

"उस्ताद, बचा हुआ रंग भी निकालिये. और भाई का पूरा नाम बताइये. धीरे धीरे."

ते माझ्याकडे बघायला लागले. पहिल्यांदाच सरळ.

"आपका नौकरी जाएगा, बीबी."

"आप नाम बताइये."

मी चार नवे तक्ते टाइप केले. 'बाजू बी, पृष्ठभाग खराब' हे खोडलं नाही, तसंच ठेवलं. खाली लिहिलं, 'दुरुस्ती. ही खराबी नसून खाणकाम करणाऱ्या घराची कोरलेली खूण आहे. तीन उभ्या रेघा, एक खळगा. ओळख पटवणारा, मालकाचा भाऊ. मालकाचं म्हणणं, दगड विकलेला नाही.' पुढे मालकाचं नाव. मापं, फोटो, माझी सही. पण सहीला इथे कोण विचारतं? इथे शिक्का हवा. कंपनीचा शिक्का काकांच्या टेबलाच्या खणात, आणि खणाची किल्ली कागदपत्रांसाठी माझ्याकडे असायची. तो भरवसा मी त्या दिवशी मोडला, हे मला मान्य आहे. चार तक्ते, बारा प्रती, बारा शिक्के. घाईत एक शिक्का तिरका पडला.

एक संच उस्तादांना दिला. एक नेहमीच्या पद्धतीनं आर्किटेक्टच्या ऑफिसात पाठवला. एक काकांच्या टेबलावर, मधोमध ठेवला.

शनिवारी दुसरी टीम आली, पण करवत सुरू व्हायच्या आत आर्किटेक्टचा फोन आला. ज्याच्या मालकीवर वाद आहे असा दगड त्याला त्याच्या गिऱ्हाइकाच्या जिन्यात नको होता. नीतीचा प्रश्न नव्हता तो. त्याला फक्त कटकट नको होती. पण चालेल. मला त्याच्याकडून नीती नको होती, फोन हवा होता.

काकांनी तक्ता उचलून धरला. "हा शिक्का कुणी मारला?"

इतकी वर्षं मी त्यांना इंग्रजीत उत्तर देत आले होते. इंग्रजीच्या आड उभं राहायला बरं असतं, तिथे कुणी आपल्याला फार ओळखत नाही. त्या दिवशी मी पकडली जायची तर माझ्या घरच्या भाषेतच, असं मला वाटलं.

"मी मारला, काका. चारही दगडांवर मालकाची खूण आहे. मी आधी चुकीचं लिहिलं होतं."

"आणि माझं नुकसान?"

"ते तुम्ही कंत्राटदाराकडून घ्या. त्यानं रंग फासला होता, उस्तादांनी नाही."

त्यांनी तक्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या बापाला काय सांगू?" मी म्हटलं, "खरं तेच सांगा." त्यांनी माझ्याकडून खणाची किल्ली काढून घेतली. नोकरीवरून काढलं नाही. उस्तादांनाही नाही. कारागीर मिळत नाहीत म्हणून, की आणखी कशामुळे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार ठोकळे मैदानाच्या मागच्या भिंतीशी नेऊन ठेवले. किल्ली मात्र मी नोकरी सोडेपर्यंत परत मिळाली नाही.

तीन महिन्यांनी उस्ताद स्वतःहून गेले. गावाचा जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, बसणार होता. तक्ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासपोर्टाच्या आत ठेवले होते. नंतर दोनदा फोन आला. पहिल्यांदा सांगितलं, तिथल्या सरकारी साहेबापुढे सतरंजीवर कागद मांडले, साहेबानं शिक्का बघितला, दुबई-शारजाचा शिक्का बघून खुर्चीत सरळ बसला, आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात या. दोन म्हाताऱ्यांना त्याच आठवड्यात आत टाकलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मागे खूप माणसांचा आवाज येत होता.

"कहाँ हैं आप, उस्ताद?"

"सड़क पे. वही तरक्कीवाला सड़क. ट्रक के आगे चारपाई डाल के बैठा है, पूरा गाँव." ते हसत होते. "ट्रकवाला हॉर्न बजाता है. हम बोला, बजाओ. इसको शर्म आएगा तो चुप होगा."

त्यानंतर तो नंबर लागला नाही. डोंगर परत मिळाला का, मला ठाऊक नाही. मी अजूनही लहान हातोडी पर्समध्ये ठेवते, सवयीनं. बारा शिक्क्यांनी एखादा डोंगर परत मिळतो, असं मला वाटत नाही. पण तो दगड कुणाचाच नव्हता, असं मात्र आता कुणी म्हणू शकत नाही.

यार्ड आता दुसऱ्या जागी हलवतायत. सगळ्या मालाची नव्यानं तपासणी चालू आहे. गेल्या महिन्यात तिथल्या नव्या मुलीचा मला फोन आला. तीही मराठी, तीही अल मजाजची, आवाज माझ्यासारखाच दबका.

"मॅम, सॉरी हं, मागच्या भिंतीशी चार व्हाइट ब्लॉक्स आहेत. त्यांची एक बाजू खराब आहे. जुन्या तक्त्यावर तुमची सही आहे, पण फाइल कधीतरी भिजलीय, मधलं काही वाचता येत नाही. मी काय लिहू? डॅमेज?"

"ठोकून बघितलेस?"

"हो. छान वाजतात."

"मग डॅमेज नाही. लिही, मालकाची खूण."

"मालक म्हणजे सर ना?"

"नाही," मी म्हणाले. "पेन घे. मी पूर्ण नाव सांगते."

आणि मी सांगितलं, एकेक अक्षर, सावकाश. ते नाव मी या लेखात लिहीत नाही. पण शारजातल्या त्या यार्डच्या कागदावर ते आता दोन वेळा लिहिलेलं आहे.